संस्कृतीला वाचता येतं

दहाव्याच्या आदल्या दुपारी लोणकरांच्या बैठकीत एकच प्रश्न उरला होता, आणि त्याला हात घालायला कुणी तयार नव्हतं. बाकीचं सगळं साईनाथने फोनवरच उरकलं होतं. घाटावरचा मांडव, प्रवचनाचे महाराज, श्रद्धांजलीच्या भाषणांत कुणाच्या आधी कोण उठणार, पाहुण्यांची पंगत. धाकट्या भावाचं, पियुषचं, लग्न त्याने ज्या धडाक्यात लावून दिलं होतं, त्याच धडाक्यात तो त्याचा दहावा उभा करत होता. गावाला ते थोडं खटकतही होतं. पण सर्जेरावांना आपलं पोरगं ठाऊक होतं. हातातलं काम संपलं की साईनाथ न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायचा, म्हणून तो काम संपूच देत नव्हता.

राहिली होती ती संस्कृती, पियुषची साडेपाच वर्षांची मुलगी. पियुषला ताप भरला, तो डेंग्यू निघाला, आणि आपल्या पायांनी जिना उतरून दवाखान्यात गेलेला धडधाकट माणूस परत आला तो पांढऱ्या चादरीत. तो ॲडमिट झाला त्याच संध्याकाळी त्याची बहीण राजनंदिनी, घरच्यांची नंदा, पोरीला वाघोलीला आपल्या घरी घेऊन गेली होती. तेव्हा ते दोन दिवसांपुरतं होतं. नंतर कुणाच्याच तोंडून शब्द फुटला नाही. तिकडे पोर रोज आत्याला विचारत राहिली की पप्पांच्या सलाइनच्या बाटल्या संपल्या का, आणि आत्या रोज म्हणत राहिली की थोड्या राहिल्यात.

"तेराव्यापातूर तिला काय बी सांगायचं न्हाय," असं पियुषच्या आईने, तुळजाबाईंनी, पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. घरात रडारड, काकाचं मुंडन, येणाऱ्या-जाणाऱ्या बायांचं गळे काढणं, एवढं बघून लेकरू भेदरेल, असं त्यांचं म्हणणं. तुळजाबाईंनी ठरवलं की ठरलं, अशी या घराची जुनी रीत होती आणि सर्जेरावांनीही ती कधी मोडली नव्हती. पण आज सकाळी सूनबाई बैठकीत येऊन उभी राहिली. शिशुवर्गात शिकवणारी, दिवसभर वर्गभर पोरांशी बोलणारी उल्का आठवडाभर हो-नाहीच्या पुढे गेली नव्हती. ती म्हणाली, "मला माझी मुलगी हवी आहे. आज." राजनंदिनीला फोन गेला आणि जेवणं उरकून ती पोरीला घेऊन निघाली.

आता पोर येणार, तर तिला सांगायचं काय? सर्जेराव भिंतीला टेकून चटईवर बसले होते. सुतकात सोफ्यावर कुणी बसत नव्हतं, त्यामुळे हॉलमधला तो भला मोठा सोफा उगाच अंग पसरून पडल्यासारखा दिसत होता. तुळजाबाई म्हणाल्या, सांगायचं की पप्पांना मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलंय. साईनाथ म्हणाला, कंपनीने परदेशी पाठवलंय म्हणू, म्हणजे फोनचीही पंचाईत नाही. दोघा मायलेकांचं बराच वेळ मुंबई की परदेश यावरच चाललं. ऐकता ऐकता सर्जेरावांना वाटलं, आपला पियुष असता तर हसून लोळला असता. आणि हे वाटल्याबरोबर त्यांच्या छातीत असं काही तुटलं, की त्यांनी उपरण्याचा बोळा तोंडाशी धरला.

"काही सांगू नका," उल्का म्हणाली. "आज रात्री मीच तिला सांगणार आहे. कुशीत घेऊन, माझ्या शब्दांत."

तुळजाबाईंनी तेराव्याचं पुन्हा काढलं. उल्काने त्यांना मध्येच तोडलं नाही. त्यांचं होऊ दिलं आणि मग सांगितलं की तिच्या वर्गात एक मुलगा होता, त्याला बाप गेल्याचं शेजारणीकडून कळलं. आईने लपवलं म्हणून तो आईजवळ जाईना. आई जेवायला बोलवायची, तर ते पोर आधी दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं, खरंच जेवण झालंय का.

"पियुष मला परत मिळणार नाही," उल्का म्हणाली. "पण संस्कृतीचा माझ्यावरचा विश्वास गेला तर माझ्याकडे काय राहील, आई? एवढंच मागते. रात्रीपर्यंत कुणी काही बोलू नका. मलाच सांगू द्या."

तुळजाबाई उठून आत गेल्या आणि येताना त्यांच्या मुठीत काहीतरी होतं. उल्काचं मंगळसूत्र आणि टिकल्यांचं पाकीट. त्या दिवशी चार बायांच्या गराड्यात त्यांनीच ते सुनेच्या गळ्यातून काढलं होतं. आता त्यांनीच ते पुढे केलं. "पोर येईल तर मोकळा गळा बघंल. रातीपातूर घाल," एवढंच म्हणाल्या. उल्काने ते घातलं, आरशात न बघता टिकली लावली आणि केसांचा नीट अंबाडा बांधला. सर्जेरावांना ते बघवेना. त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. हार घातलेला पियुषचा फोटो साईनाथने उचलून कपाटात ठेवला, समई झाकली, आणि घर पुन्हा नेहमीसारखं दिसू लागलं. खोटं असूनही क्षणभर बरं वाटलं, हे सर्जेरावांना स्वतःशी कबूल करावं लागलं.

"फाट्यावरच्या चौकात फ्लेक्स आहे," उल्काला एकदम आठवलं. "नंदाताई त्याच रस्त्याने येतील. तिला दिसेल तो."

फ्लेक्स साईनाथच्याच मित्रमंडळाने लावला होता. इथे धायरीत माणूस गेला की चितेची राख निवायच्या आत चौकात त्याचा फ्लेक्स लागतो. जितका माणूस मोठा तितका फ्लेक्स मोठा, आणि भाऊ मंडळाचा अध्यक्ष असेल तर माणूस आपोआप मोठा होतो. सिग्नलसमोर, दुमजली उंचीवर पियुष हसत उभा होता. वर भावपूर्ण श्रद्धांजली, खाली दशक्रियेचा दिवस, त्याखाली शोकाकुल म्हणून घरादाराची नावं.

"अगं, त्याचं काय नाही," साईनाथ म्हणाला. "दर वर्षी तिथंच त्याचा वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो. फोटोसुद्धा तोच आहे, मंडळाकडं तेवढा एकच होता. तिला वाटेल पप्पांचा बर्थडे आहे. नंदाला सांगून ठेवलंय मी, काही विचारलं तर तसंच सांग म्हणून. आता उतरवला तर गाव विचारेल, दहाव्याच्या आधी का उतरवला?"

उल्काने क्षणभर विचार केला. "हो," ती म्हणाली. "तिला अक्षर येत नाही. बरं झालं आम्ही घाई केली नाही. त्याचं आज पहिल्यांदा बरं वाटतंय मला."

सर्जेराव खिडकीकडेच बघत राहिले.

घाई न करण्याचा तो निर्णय या घरात सुखासुखी झाला नव्हता. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला सर्जेराव नातीसाठी पाटी आणि अंकलिपी घेऊन आले होते. पाटीपूजन करावं, पोरीचा हात धरून श्री गिरवून घ्यावा, एवढी साधी हौस. उल्काने दोन्ही वस्तू हसतमुखाने घेतल्या आणि कपाटावर ठेवून दिल्या. सहा वर्षांची होईपर्यंत अक्षर नाही, असं तिचं आणि पियुषचं ठरलं होतं. तिने वर्गात तिसऱ्या वर्षी पेन्सिल हातात कोंबलेली पोरं बघितली होती, आयुष्यभरासाठी पुस्तकाला वैतागलेली. तोवर मुलाने गोष्टी ऐकाव्यात, मातीत खेळावं, विचारावं, असं ती सांगायची. आणि एकदा म्हणाली होती, "तात्या, मूल वाचायला लागलं की मग त्याने काय वाचावं ते आपल्या हातात राहत नाही. थोडे दिवस तरी ते आपल्या हातात राहू दे." पियुषने बायकोचीच री ओढली. "तात्या, तिचं शिक्षण हे उल्काचं खातं. तुम्ही गूळ-शेंगदाण्याचं बघा," असं म्हणून तो हसला. तुळजाबाईही हसल्या. सर्जेरावांना ते फार लागलं होतं. चौथी शिकलेल्या माणसाला अक्षर म्हणजे काय ते कळत नाही, असाच त्यांनी त्याचा अर्थ लावून घेतला.

तरी त्यांनी ठरवून काही केलं नाही. जमीन गेल्यापासून त्यांना संध्याकाळी नातीला फिरवून आणण्यापलीकडे काम नव्हतं. वाटेत जिथे त्यांची ज्वारी उभी राहायची तिथे आता सोसायट्या उभ्या होत्या, आणि पोरीचा प्रश्न एकच, आबा, तिथं काय लिहिलंय? विचारलं तर सांगायचं नाही, असं तर सुनेने म्हटलं नव्हतं. पियुषच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला तेव्हा पोर बापाचा फोटो बघून हरखली आणि यातलं पप्पांचं नाव कुठलं, म्हणून हटून बसली. सर्जेरावांनी काठी उंच करून एकेक अक्षर दाखवलं. घरी येताना तिने ल आणि र दोन दुकानांच्या पाट्यांवर आपणहून शोधून काढले. तिथून जी गाडी सुटली ती थांबली नाही. किराणा वाचला, मेडिकल वाचलं, येथे पंक्चर काढले जाईल वाचलं, फोड करून दाखवली तर जोडाक्षरंही सरळ झाली. सर्जेरावांच्या आयुष्यात गेल्या कितीतरी वर्षांत एवढा आनंद झाला नव्हता. वाया गेलेल्या म्हाताऱ्याला आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो असं वाटतं, तेव्हा तो कुणाचंच ऐकत नाही.

बेत असा होता की येत्या महिन्यात, पियुषच्या वाढदिवसाला, त्याला चौकात घेऊन जायचं आणि पोरीने सगळा फ्लेक्स घडाघडा वाचून दाखवायचा. तोवर ओठ शिवायचे. पोरीने आईजवळसुद्धा चकार शब्द काढला नव्हता. अशी गुपितं राखायला तिच्यासारखं कुणी नव्हतं.

आणि मग सर्जेरावांना ते दुसरं आठवलं. श्रावणात त्याच चौकात एका म्हाताऱ्याचा फ्लेक्स लागला होता. पोरीने वाचायचा प्रयत्न केला, अडखळली, त्यांनी शब्द फोडून सांगितला. श्रद्धांजली म्हणजे काय, तिने विचारलं. लेकराला खोटं कशाला सांगा म्हणून ते म्हणाले होते, जो माणूस मेलाय, जो परत कधीच येणार नाही, त्याच्या फोटोवर हे लिहितात. पोरीला ते एकदम पटलं. त्यानंतर फिरायला गेलं की तिचा हा खेळच झाला. हा आजोबा जिवंत आहे, आबा, की मेलाय? आणि स्वतःच वाचून उत्तर द्यायची.

बोलावं तर सून तोंड बघणार नाही, आणि न बोलावं तर ती जे एवढं एकच मागत होती ते चौकातल्या सिग्नलला तिच्या हातून जाईल. सर्जेरावांनी विचार करायला फार वेळ घेतला असं नाही. पण जेवढा घेतला तेवढाही पुढे त्यांना जन्मभर जड जाणार होता.

"पोरीला वाचाया येतंय," ते म्हणाले.

साईनाथने फोनवरून मान वर केली. तुळजाबाईंनी विचारलं, कुठल्या पोरीला?

"आपल्या. संस्कृतीला. समदं येतंय."

उल्का त्यांच्याकडे बघत होती. कुणी शिकवलं, हे तिने विचारलंच नाही. विचारलं ते तिच्यातल्या शाळेच्या बाईंनी विचारलं. "जोडाक्षरं?"

"येत्यात."

"श्रद्धांजली?"

सर्जेरावांना मान वर करता येईना. "तिनंच इचारलं व्हतं. म्या अर्थ सांगितला व्हता."

"छान," उल्का म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "म्हणजे मला आता वेगळं काही सांगायला नको."

साईनाथने एव्हाना फोन लावला होता. राजनंदिनीने तो गाडीतल्या स्पीकरवर घेतला. काय दादा, ती म्हणाली, फाट्यावरच आहोत, पुढं कुणाचा तरी टेम्पो बंद पडलाय, केव्हाच्या सिग्नलला अडकलोय, संस्कृती इथं शेजारीच बसलीये, बोलतोस का तिच्याशी? दुमजली पियुषच्या पायाशी ती गाडी उभी होती, हे बैठकीत सगळ्यांना दिसलं. साईनाथने नुसतं ये सावकाश म्हटलं आणि फोन ठेवला. लगेच त्याने मंडळाच्या पोरांना फोन करून फ्लेक्स उतरवायला सांगितलं. गाव काय म्हणेल ते म्हणू दे, असंही तो म्हणाला. साईनाथ गावाची पर्वा न करता भावजयीच्या बाजूने उभा राहिला तो त्या घरात पहिल्यांदाच. पण आता त्याचा काही उपयोग नव्हता.

तुळजाबाईंचा राग आधी नवऱ्यावर फुटला. लोकाच्या लेकीने नको म्हटल्यावर चोरून कसले धंदे करता, म्हातारचळ लागलाय तुम्हाला, असं त्या खूप बोलल्या. मग त्यांचा सूर फिरला आणि त्या उल्काकडे वळल्या. तूच उजेडात शिकवू दिलं असतंस तर अंधारात शिकवायची पाळी आली नसती. आमच्या घरात पोरांना अक्षर यायचं ते दसऱ्याला, सगळ्यांच्या देखत. उल्का गळ्यातल्या मंगळसूत्राचा एक मणी बोटांत धरून दाराकडे बघत बसली होती. एवढ्यात खाली गाडीचं दार वाजलं.

संस्कृती जिना चढून वर आली ती अगदी नेहमीसारखी. पाठीला छोटी सॅक, केसांना आत्याने बांधलेले दोन बो. दारात तिने चपला काढून नीट जोडून ठेवल्या, ज्या ती एरवी भिरकावत असे. आईला बघून ती थबकली. तिचा चेहरा, केस, टिकली असं सगळं बारकाईने बघितलं आणि मग जाऊन तिच्या मांडीवर बसली. उल्काने तिला इतकं घट्ट धरलं की पोर म्हणाली, आई, दुखतंय.

राजनंदिनी तोवर बापाजवळ येऊन बसली होती. तिने हळूच सांगितलं की काही घाबरू नका, सगळं निभावलं. पोरीने फ्लेक्स बघितला, बराच वेळ बघत होती. मी म्हटलं, बघ, पप्पांचा बर्थडेचा बोर्ड लागला. तर हो म्हणाली. मग घरी येईपर्यंत माझा हात धरून बसली आणि मला म्हणाली, आत्या, तुला तहान लागलीये का, माझ्या बाटलीत पाणी आहे.

साईनाथने मोठा श्वास सोडला. तुळजाबाईंनी देवघराच्या दिशेने हात जोडले. तात्यांचं आपलं काहीतरीच, साईनाथ पुटपुटला, चार पाट्या पाठ असतील पोरीला, त्याला वाचणं म्हणतात होय. सगळ्यांना ते खरं असावंसं वाटत होतं. सर्जेरावांनाही वाटलं, देवा, या पोरीला माझ्याकडून काही आलेलं नसू दे. पण पोर घरात आल्यापासून त्यांच्याकडे एकदाही बघत नव्हती, आणि एरवी ती आधी आबांच्या खिशात हात घालून मग आत जायची.

उल्काने तिचे बो सोडले. केसांतून बोटं फिरवत, जणू काहीच नाही अशा आवाजात तिने विचारलं, "चौकात पप्पांचा बोर्ड पाहिलास?"

"हो. वाढदिवसाचा."

"काय लिहिलं होतं त्याच्यावर?"

"मला कुठं वाचता येतं?" संस्कृती म्हणाली, आणि तेव्हा पहिल्यांदा तिने आबांकडे बघितलं. मी नाही सांगितलं, अशी ती नजर होती.

सर्जेरावांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण तिच्यात जावं. ते गुडघ्यांवर हात ठेवून कसेबसे उठले, पोरीपाशी येऊन खाली बसले. "सांग बाळा," ते म्हणाले. "म्या सांगितलंय आईला, तुला येतंय म्हणून. आता लपवायचं न्हाय."

"पण आपलं वाढदिवसाला ठरलं होतं."

"व्हय. ठरलं व्हतं."

पोर खाली मान घालून बसली. तिने आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "मी नंतर वाचते," ती म्हणाली. "आता नको. आईला नको."

"मला ऐकायचंय," उल्का म्हणाली. "मी रागावणार नाही, संस्कृती. वाच."

तेव्हा पोरीने डोळे मिटून घेतले आणि चौकात पाहिलेलं तसंच्या तसं, एकेक शब्द सुटा करत, वाचायला घेतलं. शाळेत कविता म्हणताना येतो तसा तिचा आवाज एका पट्टीत होता. "भावपूर्ण श्रद्धांजली. पियुष सर्जेराव लोणकर." इथे ती थांबली. "मग खाली बारीक अक्षरं होती. ती मला पटपट येत नाहीत. पण गाडी हलत नव्हती, म्हणून सगळी वाचली. आबांचं नाव होतं. आजीचं, काकांचं, आत्याचं होतं. तुझं होतं. आणि सगळ्यात खाली माझं होतं."

राजनंदिनीने तोंडावर हात दाबला. साईनाथ उठून न्हाणीघराकडे निघाला होता, तो मध्येच भिंतीला धरून उभा राहिला. ती नावं त्याने स्वतः सांगितली होती, घरातलं कुणी राहून जाऊ नये म्हणून.

"आत्याने वाचलंच नाही ते," संस्कृती हळू आवाजात आईला सांगत होती. "तिला वाटलं, वाढदिवस आहे. मी तिला सांगितलं नाही. ती गाडीत रडली असती ना. आणि मग घरी आले, तर तू पण..." तिने आईच्या टिकलीला बोट लावलं. मग दोन्ही हातांत आईचा चेहरा धरला आणि तिच्या डोळ्यांत बघत विचारलं, "आई, तुला कुणीच सांगितलं नव्हतं?"

उल्काने आठवडाभर मनात जुळवलेलं एकही वाक्य तिच्या तोंडून बाहेर आलं नाही. तिने लेकीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पियुष गेल्यापासून पहिल्यांदा ती मोठ्याने रडली. पोर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, तिला कुणी झोपवताना फिरवतं तसा, आणि बैठकीतल्या एवढ्या मोठ्या माणसांपैकी एकालाही त्या दोघींजवळ जायची छाती झाली नाही.